प्रसविकेची पात्रता : कागदावरची आणि हातातली

बऱ्हाणपूर येथे १७ जून १६३१ रोजी शहाजहान बादशहाची बेगम मुमताज महल हिचा चौदाव्या बाळंतपणात अंत झाला. मुलगी जगली, आई गेली. तापीच्या पैलतीरावरील झैनाबादच्या बागेत तिला प्रथम दफन करण्यात आले व सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. हा इतिहास शाळेत शिकविला जातो, मृत्यूचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे ते कारण असावे, असे मानले जाते. अनेक बाळंतपणांनी शिथिल झालेले गर्भाशय पुरेसे आवळत नाही, वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि अल्पावधीत प्राणावर बेतते. बादशाही छावणीत हकिमांची वाण नव्हती. त्या घटकेला उपयोगी पडणारी विद्या मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हती.

आज ती आहे. बाळ जन्मताच, पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून, मातेच्या स्नायूत ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन द्यावयाचे, गर्भाशयाला हाताचा आधार देत नाळ हलकेच ओढून वार काढावयाची आणि गर्भाशय घट्ट झाले की नाही हे पोटावरून चाचपून पाहावयाचे. वाचावयास हे सोपे आहे. परंतु घाईने नाळ ओढली तर गर्भाशय उलटण्याचे भय असते, आणि घट्ट व शिथिल यांतील भेद पुस्तकाने नव्हे, तर हातानेच कळतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रसविकेच्या विद्यार्थिनीने सामान्यतः किमान ४० प्रसूती स्वतः करावयाच्या असतात, ते याचसाठी.

आपल्याकडे सुईणींना शिकविण्याचे प्रयत्न जुने आहेत. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीतून विसाव्या शतकाच्या आरंभी तसे वर्ग निघाले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, साहाय्यकारी परिचारिका प्रसविका (ए.एन.एम.) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात नऊ महिने प्रसूतिशास्त्रासाठी होते. १९७७ मध्ये बहुउद्देशीय आरोग्यसेविकेची कल्पना स्वीकारताना अभ्यासक्रम अठरा महिन्यांवर आला आणि प्रसूतिशास्त्राचा वाटा सहा महिने उरला. प्रवेशाची शालेय अट वाढली, हाताच्या सरावाचा काळ मात्र घटला. लसीकरण, कुटुंबनियोजन व नोंदवह्या यांचा भार वाढत गेला, तसतशी अनेक सेविकांची प्रसूतीची सवयच सुटली. ही चूक सेविकांची नव्हे, आखणीची होती.

ती पुढे काही अंशी दुरुस्त झाली. सेवेतील परिचारिकांसाठी कुशल प्रसूतिसाहाय्याचे २१ दिवसांचे प्रशिक्षण आले. २०१२ च्या सुधारित अभ्यासक्रमाने ए.एन.एम.साठी बारावीची अट व पुन्हा दोन वर्षांचा कालावधी ठरविला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने परिचारिकांना अठरा महिने शिकवून स्वतंत्र प्रसविका-व्यवसायी घडविण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय प्रसविका महासंघानेही परिचारिकांसाठी अठरा महिने, तर थेट प्रवेश घेणाऱ्यांसाठी तीन वर्षे, हीच किमान मर्यादा सांगितली आहे. प्रशिक्षणाची तपासणी करताना प्रमाणपत्राबरोबर प्रत्यक्ष केलेल्या प्रसूतींची नोंदही अधिकाऱ्यांनी मागितली पाहिजे.

खकनारकडील डोंगराळ गावांतून गावची दाई अद्याप घरोघरी विश्वासाची आहे. तिला दूर लोटल्याने काही साधत नाही. गर्भवतीला वेळेवर आरोग्यकेंद्रात आणणे, सोबत राहणे, धीर देणे हे तिच्याइतके कोणास जमणार? मात्र वार ओढणे किंवा पोट दाबून बाळ ढकलणे तिने करू नये. वाटेत वा घरीच प्रसूती झाली आणि अर्ध्या तासात वार पडली नाही, कापडामागून कापड भिजू लागले, किंवा बाळंतिणीला घेरी येऊन हातपाय गार पडू लागले, तर बाळाला आईच्या छातीशी धरून १०८ क्रमांकावर तत्काळ वाहन मागवावे. वार पडण्याची वाट पाहत थांबू नये.