प्लॉक्टनचे 'माड'

प्रश्न : स्कॉटलंडमधल्या प्लॉक्टन गावाचा फोटो पाहिला. पाण्याकाठी बुटक्या घरांची रांग आणि पुढे चक्क माडासारखी झाडं! इतक्या थंडीत ती जगतात कशी? आणि गाव तळ्याकाठी आहे की समुद्रावर?

उत्तर : आधी पाण्याचं सांगतो. 'लॉख' म्हणजे सरोवर, असं आपण धरून चालतो. पण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी लॉख खारे आहेत. प्लॉक्टन ज्याच्या काठी आहे तो लॉख कॅरन म्हणजे सरळ खाडी. हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत समुद्र शिरला, ती ही जागा. ओहोटीला होड्या चिखलात कलंडतात आणि समोरच्या चिमुकल्या बेटावर पायी जाता येतं. कोकणातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

आता झाडं. ते माड नव्हेत, ताडाच्या कुळातलेही नव्हेत. हे न्यूझीलंडचं कॉर्डिलाइन, आपल्या शतावरीच्या कुळातलं. याचे कोवळे कोंब गोरे लोक कोबीसारखे खात, म्हणून त्याला 'कॅबेज पाम' नाव पडलं. पान नीट पाहा : तलवारीसारखं लांब, अखंड, झावळीसारखं चिरलेलं नाही.

प्लॉक्टन 57 अंशांवर, म्हणजे मॉस्कोच्याही उत्तरेला. तरी अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे इथला हिवाळा सौम्य असतो. पण नुसत्या उबेनं भागलं नसतं. या किनाऱ्याला झोडपणारा वारा पश्चिमेचा, आणि गावानं पाठ केली आहे तीही पश्चिमेला. घरं पूर्वेकडच्या उपसागराकडे तोंड करून आहेत. झाडं तगली ती या आडोशामुळे, असं मला वाटतं.

गावाची आखणी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मेंढ्यांसाठी शेतजमिनी मोकळ्या करताना हुसकावलेली माणसं किनाऱ्यावर मासेमारीला बसवली गेली, त्या काळातली ही वस्ती. पुढे 1840 च्या दशकात बटाट्यावर करपा पडला आणि या सगळ्या डोंगराळ मुलखात उपासमार झाली. सुंदर फोटोमागचं हे दुःख विसरू नये.

उपसागरापलीकडे झाडीत डंक्रेग नावाचा वाडा आहे. तो 1866 मध्ये अलेक्झांडर मॅथेसन यांनी बांधला. हे जार्डिन मॅथेसन पेढीचे भागीदार, आणि त्या पेढीची मोठी कमाई चीनला जाणाऱ्या अफूची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढे, आणि मुंबईत या पेढीशी व्यवहार होता जमशेदजी जीजीभॉय यांचा. फोटो पुन्हा काढून पाहा. वाडा त्यात आला असेल, तर त्याच्या भिंतींत मुंबई बंदराचाही पैसा आहे.