भाचीला, अँटीबॉडीच्या बाटलीबद्दल

मुक्ताईनगरहून रोज जळगावला जा-ये करून रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या टेबलावर बसणार, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार बरं वाटलं. माझं सगळं आयुष्य त्याच टेबलावर गेलं, म्हणून आत्याचे चार शब्द कानात ठेव.

सगळ्यात आधी हे पक्कं कर की अँटीबॉडी प्रथिनाचा चेहरा ओळखते, त्याचं काम तपासत नाही. अँटीथ्रॉम्बिन आपल्या प्लाझ्मात फिरत असतं आणि थ्रॉम्बिन, फॅक्टर टेन-ए यांना जखडून टाकतं, म्हणून रक्त नको तिथे गोठत नाही. १९६५ साली नॉर्वेत ओलाव एगेबर्ग यांनी एका कुटुंबात त्याची जन्मजात कमतरता दाखवून दिली. पण काही घराण्यांत हे प्रथिन मुळात कमी तयार होतं, तर काहींत पुरेसं असूनही निकामी असतं. या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटची एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने प्रमाण मोजणारी चाचणी, अगदी नॉर्मल येते आणि पायातली रक्ताची गाठ मात्र पुन्हा पुन्हा होत राहते. म्हणून आधी कार्यचाचणी, ती कमी आली की मग अँटीबॉडी लावून प्रमाण मोजायचं. कोणी कितीही घाई केली तरी हा क्रम मोडू नकोस.

नळी निळ्या टोपणाचीच हवी, आणि खुणेपर्यंत भरलेली: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. अर्धवट भरलेली नळी परत पाठव, राग आला तर येऊ दे. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा कर. पेशंटला हेपॅरिन चालू असेल किंवा गाठ ताजी असेल तर अँटीथ्रॉम्बिन तसंही खाली जातं. तेवढ्यावरून कुणाच्या कपाळी जन्मजात दोषाचा शिक्का मारायचा नाही. फॉर्मवर औषधांचा रकाना कोरा आला तर वॉर्डात फोन लाव. नवजात बाळात हे प्रथिन मोठ्या माणसाच्या जेमतेम निम्मं असतं, त्याला मोठ्यांचं माप लावू नकोस.

आता बाटली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कुरिअरचा डबा दुपारभर गाडीत तापतो. डबा आला की सही करण्याआधी उघड, बर्फाच्या पिशव्या हाताने चाचप आणि वितळलेल्या असतील तर पावतीवरच लिही. बाटलीवरची सूचना वाच. गोठवायची असेल तर लहान भाग करून एकदाच गोठव. पुन्हा पुन्हा वितळवलेली अँटीबॉडी हळूहळू मरते आणि तुला कळतही नाही. फ्रिजच्या दारात कधी ठेवू नकोस, लाइट गेली की सगळ्यात आधी दारच तापतं. सोडियम अझाइड असलेलं द्रावण पेरॉक्सिडेज जोडलेल्या अँटीबॉडीला लावू नकोस, रंगच येणार नाही.

वेस्टर्न ब्लॉट करशील तेव्हा नीट बघ. अँटीथ्रॉम्बिनची पट्टी ५८ किलोडाल्टनच्या आसपास येते. तिच्या खाली, ५० पाशी, आयजीजीची जड साखळी आणि वर, ६६ पाशी, अल्ब्युमिनचा ढीग. पहिल्या अँटीबॉडीला ओळखणारी दुसरी अँटीबॉडी मानवी आयजीजीलाही चिकटणारी असेल तर तू भलत्याच पट्टीला अँटीथ्रॉम्बिन म्हणशील. म्हणून मानवी आयजीजी शोषून काढलेलीच घे, आणि एका खणात पहिली अँटीबॉडी न घालता फक्त दुसरी घालून बघ. त्या खणात पट्टी दिसली तर अख्खा ब्लॉट बाद. कधी ५८ च्या बऱ्याच वर आणखी एक पट्टी दिसेल. ती लगेच घाण समजू नकोस. थ्रॉम्बिनला जखडलेलं अँटीथ्रॉम्बिन उकळल्यावरही सुटत नाही, ते तिथे दिसतं.

गुंतागुंतीची केस आली तर परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत विचार, लाजू नकोस. आणि नुसत्या अँटीबॉडीवर केलेल्या चाचणीच्या रिपोर्टवर ‘अँटीथ्रॉम्बिन नॉर्मल’ असं कधी लिहू नकोस. ‘अँटीजेन नॉर्मल, कार्यचाचणी केलेली नाही’ असं पूर्ण लिही.