एकत्रित स्वयंपाक-संच : सुरक्षित जोडणी आणि सुरक्षित वापर

कुटुंबांसाठी आणि दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक

एका खोलीचे घर, भाड्याची खोली, वसतिगृह किंवा ज्येष्ठ नागरिकांचे लहान निवासस्थान अशा ठिकाणी आता संपूर्ण स्वयंपाकघर एकाच कपाटात सामावलेले दिसते. वर गॅसची किंवा इंडक्शनची शेगडी, शेजारी भांडी धुण्याचे बेसिन, खाली छोटा फ्रीज, डोक्याच्या उंचीवर मायक्रोवेव्ह आणि एका कप्प्यात गॅस सिलिंडर अशी त्याची साधारण रचना असते. जागेची टंचाई असलेल्या कुटुंबाला अशा संचाने मोठी सोय होते. तथापि त्याच्या जोडणीत आणि वापरात काही विशेष काळजी घ्यावी लागते.

जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात शेगडी एका कोपऱ्यात, पाण्याची मोरी दुसऱ्या कोपऱ्यात आणि विजेचे बटण दारापाशी असे. हे अंतर हेच एक संरक्षण होते. एकत्रित संचात गॅस, वीज, पाणी आणि उष्णता एकमेकांपासून वीतभर अंतरावर येतात. प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे निर्दोष असले, तरी त्यांच्या शेजारामुळे धोका निर्माण होऊ शकतो. म्हणून जे संरक्षण पूर्वी जागेमुळे मिळत होते, ते आता योग्य जोडणीने आणि रोजच्या सवयीने मिळवावे लागते. या पत्रकाचा उद्देश तेवढाच आहे.

१. संच कोठे ठेवावा

• संच सपाट, पक्क्या जमिनीवर आणि भिंतीला घट्ट टेकवून बसवावा. उंच कप्पे भिंतीला स्क्रूने आवळावेत. लहान मूल दाराला लोंबकळले तरी संच हलता कामा नये.
• घराबाहेर पडण्याचा एकमेव मार्ग संचासमोरून जात असेल, तर जागा बदलावी. आग लागल्यास तोच मार्ग बंद होतो.
• शेगडीवर पडदा, कॅलेंडर, प्लास्टिकची पिशवी किंवा लाकडी देव्हारा असू नये.
• खोलीला खिडकी किंवा हवा बाहेर टाकणारा पंखा असणे आवश्यक आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात दारे-खिडक्या घट्ट लावून स्वयंपाक करण्याची प्रथा धोकादायक आहे. हवा अपुरी पडली की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची पहिली लक्षणे होत. अशा वेळी झोपून राहू नये. घरातील सर्वांना घेऊन ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.
• फ्रीजच्या मागे आणि बाजूला उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी मोकळी जागा सोडावी. शेगडीच्या उष्णतेमुळे लहान फ्रीज पुरेसा थंड राहत नाही आणि दूध, शिजवलेले अन्न लवकर नासते. मधुमेही रुग्णाच्या घरी याचे महत्त्व अधिक आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. शक्य असल्यास फ्रीजमध्ये छोटा तापमापक ठेवावा.

२. गॅसची जोडणी

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत साठतो. त्याला मूळचा वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. बंद कप्प्यात ठेवलेल्या सिलिंडरचा गॅस तळाशी साचतो, आणि एकत्रित संचात नेमक्या त्याच पातळीवर फ्रीजचा कॉम्प्रेसर असतो. फ्रीज आपोआप चालू-बंद होताना त्याच्या स्विचमध्ये बारीक ठिणगी पडू शकते. साचलेल्या गॅसला तेवढी ठिणगी पुरते. यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

• शक्य असल्यास सिलिंडरचा कप्पा फ्रीजपासून दूरच्या टोकाला असावा आणि दोहोंमध्ये अखंड फळी असावी.
• सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी आणि वरच्या बाजूला हवेसाठी झरोके असावेत. ते कापडाने, कागदाने किंवा डब्यांनी झाकू नयेत.
• सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी.
• रबरी नळी आयएसआय चिन्हाची, तारेचे अस्तर असलेली सुरक्षा नळी असावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी. ती कपाटाच्या भोकातून घासत, पिळलेली किंवा गरम भागाला टेकलेली नसावी. दर ५ वर्षांनी ती बदलावी आणि चीर दिसल्यास त्याआधीच बदलावी.
• सिलिंडर स्वीकारताना त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवरील अक्षर व अंक वाचावेत. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाहींची अक्षरे असून पुढील अंक वर्ष दर्शवतात. ही पुढच्या चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.
• जोडणी गॅस वितरकाच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. गळती तपासताना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून तपासणी कदापि करू नये.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत बर्नर आणि जोडणीचे धातूचे भाग लवकर गंजतात. तेथे ही पाहणी अधिक वेळा करावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली किंवा भांड्यांवर काजळी धरू लागली, तर बर्नर स्वच्छ करून घ्यावा.

३. विजेची जोडणी

आपल्या घरी वीज २३० व्होल्टने येते. मोठ्या प्लगसाठी असलेले १६ अँपिअरचे सॉकेट जास्तीत जास्त सुमारे ३,६८० वॅट भार पेलते, तर ६ अँपिअरचे लहान सॉकेट सुमारे १,३८० वॅट. आता एक साधा हिशेब करून पाहावा. इंडक्शन शेगडी २,००० वॅट, मायक्रोवेव्ह १,४०० वॅट आणि पाणी तापवण्याची किटली १,५०० वॅट, अशी तीन उपकरणे सकाळच्या घाईत एकदम लावली, तर एकूण भार ४,९०० वॅट होतो. त्यासाठी २१ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. हा भार एकाच सॉकेटवरील एक्स्टेंशन बोर्डावर टाकला, तर वायर तापते. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधील उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवावे.

• इंडक्शन शेगडी आणि मायक्रोवेव्ह यांना १६ अँपिअरची स्वतंत्र सॉकेटे असावीत. फ्रीजलाही स्वतंत्र सॉकेट द्यावे. एक्स्टेंशन बोर्ड हा कायमच्या जोडणीला पर्याय नाही.
• सॉकेटे बेसिनपासून दूर आणि ओट्याच्या पृष्ठभागापेक्षा उंच असावीत, म्हणजे सांडलेले पाणी तेथे पोचणार नाही. बटणे शेगडीच्या मागे नसावीत. आग लागली असता ती बंद करण्यासाठी ज्वाळेवरून हात न्यावा लागू नये.
• तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडू नये आणि दोन पिनांचा जोड लावून तिला निकामी करू नये. अर्थिंग खरोखर कार्यरत आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.
• घराच्या बोर्डात एमसीबी असला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की एमसीबी मुख्यतः वायरचे रक्षण करतो. माणसाला झटका बसत असताना वीज तोडण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबताच वीज गेली पाहिजे.
• प्लग गरम लागणे, जळका वास येणे, बोर्ड काळवंडणे किंवा संचाला हात लावताच मुंग्या येणे ही धोक्याची सूचना आहे. वापर थांबवून तपासणी करून घ्यावी.

४. रोजचा वापर

• ओटा लहान असल्याने भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवावेत. बाहेर आलेला दांडा मुलाच्या हाताला लागतो.
• ओढणी आणि पदर खोचून घ्यावा. स्वयंपाक करताना शक्यतो सुती आणि अंगासरशी बसणारे कपडे घालावेत. नायलॉनचे कापड जळताना वितळून त्वचेला चिकटते.
• मायक्रोवेव्ह डोक्याच्या उंचीवर असेल, तर गरम द्रवपदार्थ काढताना तो चेहऱ्यावर सांडू शकतो. असा संच घेताना मायक्रोवेव्ह छातीच्या उंचीपर्यंतच ठेवण्याचा आग्रह धरावा. त्यात धातूचे भांडे, कवचासह अंडे किंवा घट्ट झाकणाचा डबा ठेवू नये. तो रिकामा चालवू नये. बाळाचे दूध त्यात गरम करू नये. बाटली बाहेरून कोमट लागली तरी आतील दुधाचा काही भाग तोंड भाजण्याइतका गरम असू शकतो.
• इंडक्शनच्या काचेवर ज्वाळा दिसत नाही, परंतु भांड्याच्या उष्णतेने ती तापलेली असते. तिच्यावर चमचे, झाकणे किंवा कागद ठेवू नयेत. काचेला तडा गेल्यास ती वापरू नये.
• हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने इंडक्शन शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर राखावे आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
• तळणीच्या वेळी शेगडी सोडून जाऊ नये. कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि जळते तेल सर्वत्र उडते. हात पोचत असेल तर गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये.
• संच पुसण्यापूर्वी उपकरणांचे प्लग काढावेत. हात कोरडे असावेत.

५. दुर्घटना घडल्यास

गॅसचा वास आल्यास : विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही क्रियांत ठिणगी पडते. दिवा, उदबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. सर्वांनी बाहेर यावे. मुख्य स्विच घराबाहेर असेल तरच तो बंद करावा, म्हणजे फ्रीजही थांबेल. बाहेर आल्यावरच १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा.

विजेचा झटका बसल्यास : वीज बंद होईपर्यंत त्या व्यक्तीला स्पर्श करू नये. मुख्य स्विच बंद करणे शक्य नसल्यास कोरड्या पृष्ठभागावर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तिला दूर करावे. श्वास थांबला असल्यास १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. प्रौढ व्यक्तीची छाती प्रत्येक वेळी सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. झटक्यानंतर रुग्णाला बरे वाटले तरी वैद्यकीय तपासणी करावी. त्वचेवरील खूण लहान असूनही आतील इजा मोठी असू शकते.

भाजल्यास : जखमेवर नळाचे वाहते, साधे पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ लावू नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, सुती कापडाने सैलसर झाकावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जागीच थांबून जमिनीवर लोळावे.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. रुग्णालयात उपचार सुरू करण्यापूर्वी हा लेप धुऊन काढावा लागतो. त्यात रुग्णाच्या वेदना वाढतात, जखम किती खोल आहे हे लवकर कळत नाही आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. घरात जे सहज हाती लागते आणि खरोखर उपयोगी पडते, ते नळाचे पाणी. एकत्रित संचात ते शेगडीच्या शेजारीच आहे.

रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियाची जखम, विजेने किंवा धुराने झालेली इजा, तसेच बालक, गर्भवती आणि वृद्ध व्यक्ती यांच्या बाबतीत विलंब न करता रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे.

६. झोपण्यापूर्वी पाच गोष्टी

१. रेग्युलेटर बंद आहे.
२. शेगडीची बटणे बंद आहेत.
३. फ्रीज सोडून सर्व उपकरणांचे स्विच बंद आहेत.
४. सिलिंडरच्या कप्प्याचे झरोके मोकळे आहेत.
५. ओटा आणि बेसिनची कड कोरडी आहे.

या पाच गोष्टी पाहण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. हे काम घरातील एकाच व्यक्तीवर सोपवू नये. स्वयंपाक कोणीही करो, रेग्युलेटर आणि मुख्य स्विच कोठे आहे व तो कसा बंद करावा, हे घरातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीला, समजत्या वयाच्या मुलांनाही, ठाऊक असले पाहिजे. हे पत्रक संचाच्या दाराच्या आतील बाजूस, शेगडीपासून दूर, चिकटवून ठेवावे.

जनहितार्थ प्रसारित