सील पुन्हा गळतंय? आधी ब्रीदर बघा

प्रश्न : माझी जुनी फोर-बाय-फोर जीप पेण-रोहा भागात चालते. ट्रान्सफर केसच्या मागून ऑइल गळतं. सील बदललं, तरी महिन्याभरात गळती परत सुरू. काय करावं?

उत्तर : नवं सील इतक्या लवकर गेलं, तर दोष बहुधा त्याचा नसतो. गिअर तापले की आतली हवा फुगते आणि ब्रीदरच्या छिद्रातून बाहेर पडते. कुंडलिकेकाठच्या चिखलाने ते छिद्र बुजलं, तर तोच दाब ऑइलला सीलच्या कडेने बाहेर ढकलतो. गळती लांबच्या फेरीनंतरच वाढत असेल, तर संशय पक्का समजा. ब्रीदर काढून डिझेलने धुवा, हवा मारा. ‘सीलच डुप्लिकेट होतं,’ असं मेकॅनिक म्हणेल. असेलही; पण योक उतरवल्यावर सील जिथे घासतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकलं तर खाच पडली आहे, तिच्यावर अस्सल सीलही टिकत नाही; स्लीव्ह बसवा किंवा योक बदला. योक वरखाली हलत असेल, तर बेअरिंग गेलं. ‘थोडंसंच गळतंय, वरून भरू’ हा हिशेब मात्र नको. विलीज घडणीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम तिथेच मागे असतो. त्याच्या लायनरला ऑइल लागलं की चढावर गाडी धरत नाही. शिवाय तापलेली गाडी पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलच्या त्याच फटीतून पाणी ओढते. ऑइल दुधाळ दिसलं तर ते काढून टाका, नवं भरा.