कानाचा पडदा आणि कूर्चेचे ठिगळ



कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत. तेल घरचेच, म्हणून कान दुखला की लसूण घालून कोमट तेल कानात, ही सवय अमेरिकेत येऊनही काही जणांची सुटलेली नाही. पण कान लहानपणापासून वाहत असेल, तर पडद्याला छिद्र असू शकते आणि तेल थेट मधल्या कानात उतरते. आधी पडदा तपासून घ्या.

छिद्र बुजवायला बहुधा कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा लावतात. साध्या छिद्राला तो पुरतो. मात्र नाकामागून मधल्या कानाला हवा पोचवणारी नळी नीट चालत नसेल, तर पडदा आत ओढला जातो आणि नवा पापुद्राही खचतो. अशा कानात कूर्चा, म्हणजे मऊ हाड, जास्त टिकते. ती रुग्णाच्याच कानातून काढतात.

ती बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत कूर्चेचा एक तुकडा, त्यावरच्या पातळ आवरणासकट बसवतात. आवरणाची मोकळी कड सभोवती चिकटते. दुसरीत कूर्चेच्या पट्ट्या कुंपणाच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी लावतात. आर्कान्सातील लिटल रॉकचे डॉ. जॉन डॉर्नहॉफर यांनी २००३ साली १००० रुग्णांच्या अनुभवावर लेख लिहिला. आत ओढलेल्या पडद्याला आणि पुन्हा फाटण्याचा धोका असलेल्या छिद्राला त्यांनी पहिली पद्धत वापरली. हाड पोखरणाऱ्या कोलेस्टिअटोमाला दुसरी.

कूर्चा जाड, मग ऐकू कमी येईल का? ती तासून पातळ करतात, आणि ऐकणे साधारण पापुद्र्याइतकेच सुधारते. उणीव एकच : कूर्चेतून आरपार दिसत नाही. मागे कोलेस्टिअटोमा पुन्हा वाढला तर लवकर कळत नाही. म्हणून बरे वाटले तरी तपासणी चुकवू नका.

डॉक्टरांना विचारा : माझ्या कानाला कूर्चा का? कोणत्या पद्धतीने? पुन्हा तपासणी केव्हा?

शस्त्रक्रियेनंतर नाक जोराने शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या, कानात पाणी जाऊ देऊ नका. विमानप्रवास आणि शोफार फुंकणे डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत नको. शोफार ऐकायला हरकत नाही.

वाहत्या कानाबरोबर चेहरा एका बाजूला वाकडा झाला, गरगरू लागले, किंवा तापासह डोके फार दुखू लागले, तर लगेच ९११ ला फोन करा. शब्बाथ असला तरी थांबू नका. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मुभा आपल्या धर्मानेच दिली आहे.