बाळाचें घडीचें अंथरूण

घरीं मूल जन्मास येणार अशी वार्ता लागली म्हणजे आजीचा हात प्रथम ट्रंकेकडे जातो. तळाशीं जपून ठेवलेलें जुनें सुती लुगडें बाहेर निघतें, त्याचे तुकडे होतात, आणि दुपटीं, लंगोट, झबलीं, टोपडीं, कुंची अशी एकेक वस्तु तयार होऊं लागते. जुन्या लुगड्याची ही निवड केवळ काटकसरीसाठीं नसते. शेंकडों वेळां धुतलेलें सूत मऊ झालेलें असतें, त्यांतील खळ निघून गेलेली असते, आणि जेवढें आटावयाचें तेवढें तें आटून गेलेलें असतें. असें वस्त्र बाळाच्या कोंवळ्या कातडीस बोचत नाहीं व ओल चटकन टिपून घेतें. हें ज्ञान आमच्या आज्यांना धुण्याच्या दगडावर मिळालें होतें.

घरांत एवढी तयारी पुरते. परंतु बाळ नेहमीं घरांतच राहत नाहीं. माहेरीं बाळंतपण आटोपून मुलगी बाळासह सासरीं निघते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लस टोंचून घेण्यासाठीं बाळाला दवाखान्यांत न्यावें लागतें. मग आगगाडीच्या फळीवर, एस्. टी. स्थानकाच्या ओट्यावर किंवा दवाखान्याच्या बांकावर त्याचा लंगोट बदलण्याची वेळ येते. त्या जागेवर आधीं कोण बसलें, काय सांडलें, हें आईला ठाऊक नसतें. मांडीवर बदलावें तर साडी भिजते. आतां पुष्कळ घरीं प्रवासापुरता बाजारांतील डायपर वापरतात. पण तो बदलण्यासही स्वच्छ व कोरडी जागा लागतेच. ही जागा बरोबर घेऊन जातां आली तर आईची केवढी सोय होईल! आमच्या शिवणवर्गानें गेल्या वर्षीं जें घडीचें अंथरूण शिवलें तें ह्याच हेतूनें. तें शिवण्याची रीति ह्या लेखांत आम्ही देत आहों.

पहिल्या प्रयत्नांत आम्ही फसलों होतों, आणि कसे फसलों हें सांगितल्यावांचून पुढील धडा नीट उमजणार नाहीं. आम्हीं तीन थर घेतले होते: वर मऊ सुती कापड, मध्यें जलरोधक कापड व खालीं जाड पॉपलिन. मग गोधडीला घालतात तसा धांवदोरा बोटबोट अंतरावर तिन्ही थरांतून घातला. ओळी अगदीं सरळ आल्या. ज्यानें त्यानें त्या कामाची वाखाणणी केली. आमच्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी बाळाला घेऊन सासरीं निघाली होती; तिला आम्हीं तें अंथरूण भेट दिलें.

महिन्याभरानें ती भेटावयास आली. एस्. टी.मध्यें मांडीवर अंथरूण घालून तिनें बाळाला त्यावर घेतलें होतें. लंगोट सोडतांच बाळानें आपलें काम केलें, आणि पाणी अंथरुणांतून तिच्या साडींत उतरलें. ती हंसत हंसत सांगत होती. पण पुढचे तीन तास ती भरल्या गाडींत ओल्या साडीनें अवघडून बसली होती, हें ऐकून आमच्या माना खालीं गेल्या.

आम्हीं तें अंथरूण तिच्याकडून मागून घेतलें, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेविलें आणि मधोमध पेलाभर पाणी ओतलें. थोड्या वेळानें उचलून पाहतों तों कागदावर ओल्या ठिपक्यांच्या सरळ ओळी उमटल्या होत्या. ज्या ओळींची वाखाणणी झाली होती त्याच त्या ओळी! जेथें आमची सुई गेली होती, तेथूनच पाणी गेलें होतें.

ह्याचें कारण साधें आहे. जलरोधक कापड पाणी अडवितें तें त्यावरील अखंड थरामुळें. सुईनें त्या थरास छिद्र पडलें कीं तेथें वाट होते, आणि त्या छिद्रांतून गेलेला सुती दोरा दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी ओढून पलीकडे नेतो. ही अडचण फार जुनी आहे. ग्लासगो येथील रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश ह्यानें नॅफ्थ्यांत विरघळविलेलें रबर दोन कापडांच्या मध्यें पसरून जलरोधक कापड तयार केलें व १८२३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्या कापडांतून पाणी जात नसे. परंतु त्याचे कोट शिवतांना सुईनें छिद्रें पडत व शिवणींतून पाऊस आंत येई. पुढें १९४६ सालीं अमेरिकेंतील मॅरियन डोनोव्हन ह्या बाईंनीं, बाळाचें ओलें अंथरूण पुनःपुन्हां बदलण्यास कंटाळून, न्हाणीघराच्या पडद्याचें कापड कापलें व लंगोटावर घालावयाचें जलरोधक आवरण शिवलें. टोंचण्याच्या पिनांऐवजीं त्यांनीं त्याला टिचबटणें लाविलीं. १९५१ सालीं त्यांना त्याचें पेटंट मिळालें. घरच्या अडचणींतून व घरच्या शिवणयंत्रावर किती उपयुक्त वस्तु निपजते, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

आम्हीं ह्यांतून एकच नियम काढला: जलरोधक कापडांत कडेच्या शिवणीखेरीज कोठेंहि सुई जाऊं द्यावयाची नाहीं. मग आजीच्या धांवदोऱ्याचें काय करावयाचें? तो टाकण्याचें कारण नाहीं. त्याची जागा तेवढी बदलावयाची. आमचें दुसरें अंथरूण दोन भागांचें आहे. खालीं जलरोधक बैठक, व तिच्यावर सुटें दुपटें. धांवदोरा दुपट्यांत घालावयाचा, बैठकींत नाहीं.

साहित्य

जन्मतः बाळाची लांबी सुमारें २० इंच असते व वर्षाच्या सुमारास ती ३० इंचांच्या आसपास जाते. म्हणून बैठक तयार झाल्यावर ३० इंच लांब व २० इंच रुंद असावी. तिच्यासाठीं गडद रंगाचें जाड सुती कापड, फिक्या रंगाचें जलरोधक कापड व आंत घालण्यास एक जुना टॉवेल घ्यावा. जलरोधक कापड म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलें मऊ कापड घ्यावें. तें न मिळाल्यास मऊ मेणकापड चालेल. कडक रेक्झिन घेऊं नये, कारण घडीच्या रेषेवर तें लवकर चिरतें. दुपट्यांसाठीं जुनें लुगडें किंवा धोतर उत्तम. याशिवाय एक टिचबटण, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा व बारीक सुई लागेल.

कोरें सुती कापड कापण्यापूर्वीं धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावें. तें पहिल्या धुण्यांत आटतें. जलरोधक कापड मात्र तसें आटत नाहीं. न धुतां शिवल्यास एक थर आखडतो, दुसरा तसाच राहतो, आणि सबंध बैठक पापडासारखी वाकडी होते.

कृति

१. जाड सुती कापड व जलरोधक कापड ३१ इंच लांब व २१ इंच रुंद असें कापावें. चारी बाजूंस अर्धा इंच शिवणींत जाईल. टॉवेल मात्र ३० इंच लांब व २० इंच रुंद ठेवावा, म्हणजे त्याची जाडी शिवणींत अडकणार नाहीं.

२. बैठकीच्या मापाचा कागद घेऊन त्याची घडी घालून पाहावी. प्रथम रुंदीची दुहेरी घडी, मग लांबीची तिहेरी घडी. म्हणजे दहा इंचांचा चौकोन होतो. शेवटच्या कडेपासून निघणारी पट्टी घडीच्या पाठीवर जेथें टेकेल तेथें कागदावर खूण करावी व ती जाड कापडावर उतरून घ्यावी.

३. त्या खुणेवर कापडाच्या उलट बाजूस एक लहान ठिगळ लावून टिचबटणाचा एक भाग घट्ट बसवावा. हें काम आतांच करावें. बैठक पुरी झाल्यावर बटण लावूं गेल्यास सुई जलरोधक थरांतून जाईल.

४. टॉवेल जाड कापडाच्या उलट बाजूस मधोमध ठेवून घडीच्या रेषांवर धांवदोऱ्यानें टांचावा. येथें सुई मोकळेपणानें चालवावी, कारण जलरोधक कापड अद्याप दूर आहे. ह्या टांक्यांमुळें धुतांना टॉवेल आंत गोळा होत नाहीं.

५. सुती कापडाचे पांच इंचांचे चार चौकोन कापून प्रत्येकाची कर्णरेषेवर घडी घालावी. हे त्रिकोण जलरोधक कापडाच्या सुलट बाजूवर चार कोपऱ्यांस ठेवून अगदीं कडेनें कच्चा दोरा घालावा. घडीची बाजू मधल्या भागाकडे असावी. हे कोपऱ्यांचे खिसे झाले. सुट्या दुपट्याचे कोपरे ह्यांत खोंचावयाचे आहेत. बाळाच्या हातीं लागून तोंडांत जातील अशा गुंड्या व गळ्याभोंवतीं अडकतील असे लांब बंद आम्हीं जाणूनबुजून टाळले आहेत.

६. चार इंच लांब व दोन इंच रुंद अशी दुहेरी पट्टी शिवून तिच्या एका टोंकास टिचबटणाचा दुसरा भाग लावावा. कागदावर पाहिलेल्या जागीं ती आंतल्या बाजूस वळवून ठेवावी.

७. दोन्ही कापडें सुलट बाजू समोरासमोर येतील अशीं ठेवावीं. टांचण्या केवळ अर्ध्या इंचाच्या कडेंत टोंचाव्या. आंत टोंचल्यास टांचणीचें छिद्रहि राहतें. एका बाजूस सहा इंच मोकळी जागा ठेवून चोहोंकडे यंत्राची टीप घालावी. टांके फार बारीक घेऊं नयेत. इंचास आठ-नऊ पुरे. फार जवळ टांके घेतल्यास कापड पोस्टाच्या तिकिटाप्रमाणें त्या रेषेवर फाटतें. यंत्राच्या पायाखालीं कापड चिकटून सरकत नसल्यास वर पातळ कागद ठेवून शिवावें व मग तो फाडून काढावा.

८. कोपऱ्यांवरील जादा कापड तिरपें कापून बैठक मोकळ्या जागेंतून उलटावी. मोकळी जागा हातानें बंद करून कडेपासून पाव इंचावर सभोंवार आणखी एक टीप घालावी. बैठक पुरी झाली.

९. आतां दुपटें. जुन्या लुगड्याचे तीन थर घेऊन कडा आंत दुमडाव्या व हवा तेवढा धांवदोरा घालावा. तयार दुपटें बैठकीहून चोहों बाजूंनीं एकेक इंच लहान असावें. तें कडेबाहेर लोंबलें तर ओल त्याच्याच वाटेनें खालीं उतरते. अशीं दोन-तीन दुपटीं असावींत. एक भिजलें कीं दुसरें घालतां येतें.

वापर व जपणूक

गडद बाजू नेहमीं जमिनीस आणि फिकी बाजू नेहमीं बाळाकडे, असा नियम कधींहि मोडूं नये. घडी घालतांना फिकी बाजू आंत जाते. त्यामुळें बाहेरची धूळ तिला लागत नाहीं. दोन रंगांची योजना ह्यासाठींच आहे. घाईच्या वेळीं आईला विचार करावा लागूं नये.

भिजलेलें दुपटें प्रथम गार पाण्यांत खळबळून, मग साबणानें धुऊन, साबण पुरा निघेपर्यंत पिळावें व उन्हांत वाळवावें. कपडे मऊ करणारीं बाजारांतील द्रव्यें वापरूं नयेत. त्यांनीं कापडाची ओल टिपण्याची शक्ति कमी होते. बैठक ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. धुतल्यास सावलींत वाळवावी व तिच्या जलरोधक बाजूस इस्त्री लावूं नये. लंगोट बदलल्यावर आपले हात साबणानें धुवावे, हें सांगणें नलगे.

एक गोष्ट मात्र आग्रहानें सांगावीशी वाटते. हें अंथरूण बाळाला पडण्यापासून वांचवीत नाहीं. बाळ कोणत्या दिवशीं कुशीवर वळावयास शिकेल हें कोणालाच सांगतां येत नाहीं. बांकावर किंवा पलंगावर लंगोट बदलतांना एक हात बाळावर ठेवावा. शक्य असेल तेथें अंथरूण जमिनीवरच घालावें. लंगोट बदलला कीं बाळ उचलून अंथरुणाची घडी करावी. तें निजण्यासाठीं नाहीं.

आणि हें काम मुलींचेंच आहे असें कोणी समजूं नये. आपल्या गांवच्या शिंप्याच्या दुकानांत यंत्रावर बहुधा पुरुषच बसलेला आढळतो. मग वर्गांतील मुलांना सुई जड कां व्हावी? भावाबहिणींसाठीं, भाच्यासाठीं किंवा शेजारच्या बाळासाठीं अशी वस्तु शिवून देणें हें कोणाहि विद्यार्थ्यास भूषणावहच होय. पालकांनींहि जुनें लुगडें फेंकण्यापूर्वीं मुलांना त्याचा उपयोग दाखवावा.

शेवटीं, शिवून झालेलें अंथरूण कोणासहि देण्यापूर्वीं आपण त्याची परीक्षा घ्यावी. खालीं वर्तमानपत्र पसरावें, दुपटें काढून ठेवावें, मधोमध पेलाभर पाणी ओतावें आणि दहा मिनिटें थांबावें. कागद कोरडा राहिला तरच तें बाळाच्या आईच्या हातीं द्यावें. आमचें दुसरें अंथरूण ह्या परीक्षेस उतरलें. तें आम्हीं त्याच माजी विद्यार्थिनीकडे पाठविलें. दिवाळीस ती माहेरीं आली तेव्हां बाळ रांगूं लागलें होतें, आणि तिच्या पिशवींतून डोकावणारी ती गडद घडी धुऊन धुऊन फिकी झाली होती. तें पाहून वर्गास जो आनंद झाला तो पहिल्या वेळच्या वाखाणणीनें झाला नव्हता.