यकृतातील मेद आणि मधुमेह : सर्जापूर रोड ते पुण्याजवळची खेडी

बेंगळुरूच्या आग्नेयेस, आनेकल तालुक्यातील सर्जापूरकडे जाणारा रस्ता एकेकाळी नाचणीच्या शेतांमधून जात असे. आज त्याच पट्ट्यात संगणक कंपन्यांची कार्यालये व बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली अनेक कुटुंबेही येथे स्थायिक झाली आहेत. अशा नोकरदारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’ अशी नोंद असणे आता नवलाचे राहिलेले नाही. दुखत-खुपत काहीच नसल्याने तो कागद बहुधा फाईलमध्ये ठेवून दिला जातो. काही वर्षांनी त्याच फाईलमध्ये मधुमेहाचा अहवाल येऊन पडतो, तेव्हा या दोन कागदांचा परस्परांशी संबंध असावा, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हैदराबादेतील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी करून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८४ टक्के जणांच्या यकृतात वाजवीपेक्षा अधिक मेद आढळला. नमुना लहान असल्याने ही टक्केवारी सर्व नोकरदारांना जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही. परंतु बैठे काम, रात्रपाळी, अवेळी जेवण आणि अपुरी झोप हा दिनक्रम सर्जापूर रोडलाही तोच आहे.

निरोगी यकृतात मेदाचे प्रमाण अत्यल्प असते. ते वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांहून अधिक झाले, की त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. या मेदाचा रक्तशर्करेशी संबंध समजण्यासाठी यकृताचे रोजचे काम पाहावे लागते. यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार आहे. रात्री उपाशीपोटी असताना ते रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहते. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवले, की हे कोठार बंद होते. मेद साचलेले यकृत मात्र इन्सुलिनचा हा निरोप नीट ऐकत नाही. कोठाराचे दार उघडेच राहते आणि पहाटेची, उपाशीपोटीची साखर वाढू लागते. ती आवरण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते. इन्सुलिनचे दुसरे एक काम म्हणजे जादा पिष्टमय पदार्थांपासून यकृतात मेद तयार करविणे. म्हणजे साखर आवरण्यासाठी वाढलेले इन्सुलिनच यकृतातील मेदात भर घालते. पुढे हा मेद रक्तावाटे अन्यत्र पसरतो, काही अंशी स्वादुपिंडातही साचतो आणि तेथील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी मंदावतात.

मेदयुक्त यकृत असलेल्या व्यक्तीस मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. उलट दिशेने पाहिले, तर टाइप २ मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात मेद आढळतो, आणि मधुमेह असल्यास यकृतात तंतुमय व्रण पडण्याचा, पुढे सिऱ्होसिस होण्याचा वेग वाढतो. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या विकाराचा समावेश मधुमेह, हृदयरोग व कर्करोगासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो या नात्यामुळेच.

कुक्कुटपालकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. पिंजऱ्यात ठेवलेल्या अंड्यांवरील कोंबड्यांना ऊर्जायुक्त खाद्य भरपूर मिळाले आणि हालचालीस जागा उरली नाही, की त्यांचे यकृत पिवळट, ठिसूळ व मेदाने भरलेले होते; अंडी घटतात आणि वरकरणी धष्टपुष्ट दिसणारी कोंबडी यकृतातील रक्तस्रावाने अचानक दगावते. तेथे पशुवैद्यक प्रथम खाद्यातील ऊर्जा तपासतो. माणसाच्या बाबतीत मात्र औषधाची चौकशी आधी होते आणि ताटाची नंतर.

‘मी तर सडपातळ आहे’ हा समज या विषयात सर्वाधिक घातक ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकाच पंक्तीत बसविले होते.

याची मुळे कोठे आहेत, याचा शोध याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. तेथील माता शेतीत राबणाऱ्या, बारीक अंगाच्या होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. ग्रामीण बाळांत स्नायू व अवयवांची वाढ खुंटलेली होती, पण त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्मी कमी वजनाची असूनही ३७ टक्के मुलांत व १८ टक्के मुलींत उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. अशा शरीराला गरजेहून जास्त अन्न मिळू लागले, की मेद साठविण्याची सुरक्षित जागा लवकर संपते व तो यकृताकडे वळतो. गावातून सर्जापूर रोडला आलेला तरुण शरीराची ही ठेवण सोबत घेऊनच येतो. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर मोजणे अगत्याचे आहे. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते.

यकृतातील मेद लवकर साचतो, तसाच लवकर हटतोही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या डॉ. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना आठ आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार दिला. पहिल्या सात दिवसांतच यकृतातील मेद सुमारे ३० टक्क्यांनी घटला आणि उपाशीपोटीची साखर पूर्वपदावर आली. पुढे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत वजन घटविणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह एका वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात होता. मात्र हे रुग्ण वैद्यकीय देखरेखीखाली होते. साखर उतरविणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना परस्पर उपास सुरू केल्यास साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

एवढ्या कडक आहाराची सर्वांना गरज नसते. वजन ५ टक्के उतरले, तरी यकृतातील मेद घटू लागतो. सूज कमी होण्यास ७ ते १० टक्के घट लागते. ७० किलोच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ साडेतीन ते सात किलो. वजन बेताचेच असणाऱ्यांनाही थोडी घट व नियमित व्यायाम उपयोगी पडतो. सर्जापूर रोडवरील रहिवाशांना त्यासाठी पुनरुज्जीवित कैकोंड्रहळ्ळी तलावाची पायवाट हाताशी आहे.

आहाराबाबत एक गैरसमज भरडधान्यांभोवती फोफावला आहे. मधुमेहींच्या आहारात भरडधान्ये आल्यास साखर उतरते, हे इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली २०२१ मध्ये झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. परंतु हा गुण पांढरा भात वा मैदा यांच्या जागी भरडधान्य आल्याचा आहे. त्यांच्यावर भर म्हणून खाल्ल्याचा नाही. १०० ग्रॅम नाचणीत तंतुमय घटक ११ ग्रॅमच्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी असतात. प्रथिने मात्र दोन्हींत ७-८ ग्रॅमच. त्यामुळे नाचणीचा मोठा मुद्दा किंवा तीन भाकऱ्यांपेक्षा एक भाकरी आणि तिच्या जोडीला मटकी, हुलगा, ताक वा अंडे, ही मांडणी यकृताला अधिक मानवते. नाचणीचे गोड माल्ट तर सरबतच समजावे.

ऊस उत्पादक प्रदेशात सांगणे थोडे अवघड आहे, तरीही सांगायला हवे: गूळ साखरेहून यकृतास सौम्य नाही. दोन्हींत प्रामुख्याने सुक्रोज असते आणि त्यातील निम्म्या भागाचे, फ्रुक्टोजचे, चयापचय बहुतांशी यकृतातच होते. शीतपेये व फळांचे गाळलेले रस हाच भार अधिक वेगाने टाकतात. मद्य वर्ज्य करावे, आणि बाजारातील अप्रमाणित ‘लिव्हर टॉनिक’ही.

सोनोग्राफीवरील ग्रेड व्रणांची माहिती देत नाही, आणि यकृताच्या रक्तचाचण्या सामान्य आल्या तरी विकार नाही असे ठरत नाही. ज्यांच्या अहवालावर ही नोंद आहे त्यांनी उपाशीपोटीची साखर व एचबीए१सी तपासून घ्यावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांकडून ‘फिब-४’ हा अंक काढून घ्यावा. वय, एएसटी, एएलटी व प्लेटलेट या नेहमीच्या आकड्यांवरून तो निघतो. वेगळा खर्च येत नाही. हा अंक १.३ पेक्षा कमी असल्यास व्रण पुढे गेल्याची शक्यता कमी असते; त्याहून अधिक आल्यास फायब्रोस्कॅनने यकृताचा ताठरपणा मोजण्याचा सल्ला दिला जातो.